वांग्याला भोक हवं, पण अळी नको

"अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्या मामी काल त्या सेंद्रिय दुकानात वांग्यावरून भांडून आल्या!"

आमच्या काकूंना बातमी शोधायला कुठे जावं लागत नाही, बातमीच चालत त्यांच्याकडे येते. चेन्नईतल्या कस्तुरबा नगरात आमच्या दोघींच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे आणि तिच्यावर त्यांचा कढीपत्ता वाकलेला आहे. काकू मूळच्या सांगलीच्या. काका इथल्या चर्मसंशोधन संस्थेत होते, त्यामुळे उभा जन्म अड्यारमध्ये गेला. तमिळ असं फाडफाड बोलतात की मामींनाही दोन शब्द जास्त ऐकवतील.

"वांग्यावरून कसलं भांडण?"

"मामींना भोक पडलेली वांगी हवी होती. भोक असलं की फवारणी झालेली नाही, असं कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलंय. काउंटरवरच्या पोराने बिचाऱ्याने टोपली उपसून चार भोकाची वांगी काढून दिली. घरी येऊन चिरली तर आत अळी! तशाच रिक्षा करून परत. पिशवी काउंटरवर आपटली आणि म्हणाल्या, 'पूच्चि!', म्हणजे किडा. ते पोरगं शांतपणे म्हणतंय, 'मामी, मग भोक कुणी पाडलं असेल?'"

"मग?"

"मग काय, पैसे परत. त्या दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही. मामींना भोक पाडून शिस्तीत निघून गेलेली अळी हवी होती. ती कुठून आणायची?"

काकूंना यातलं कळतं, कारण त्यांच्या माहेरी मळा होता. त्या म्हणाल्या, वांग्यातली अळी एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारा, तिला पत्ता लागत नाही. म्हणूनच तर शेतकरी वांग्यावर वारेमाप औषध मारतो. तेव्हा भोकाचं वांगं चांगलं भिजेस्तोवर फवारलेलंही असू शकतं. याच अळीसाठी आपल्या जालन्याच्या महिको बियाणे कंपनीने बीटी वांगं काढलं होतं आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेशांनी त्याला स्थगिती दिली. "म्हणजे बघ," काकू म्हणाल्या, "ज्या अळीचं प्रकरण दिल्लीच्या सरकारपर्यंत गेलं, तिला आमच्या मामी रिक्षाने दुकानात परत नेऊन देतात."

त्या दुकानाला मी नाव देत नाही, कारण तशी आता अड्यार, बेसंट नगर, तिरुवान्मियूर या पट्ट्यात बरीच झाली आहेत आणि आतून सगळी एकाच साच्यातली. काचेचं दार, आत गारेगार, लाकडी फळ्या, बांबूच्या टोपल्या, काचेच्या बरण्यांत काळा, लाल, पिवळसर तांदूळ आणि खडूने लिहिलेली नावं. कोपऱ्यात घाण्याचं तेल. काउंटरजवळ कडुनिंबाचा कंगवा आणि नारळाच्या करवंटीचा चमचा, ज्यांची कुणालाच गरज नसते आणि जे प्रत्येक जण हातात घेऊन पाहतो.

"सकाळी इलियट्स बीचवरून फिरून येणारे असतात ना," काकू म्हणाल्या, "त्यांची गंमत बघावी. पायात बूट, कानात ते पांढरं बोंड. परवा एक जण विचारतोय, 'मीठ ऑरगॅनिक आहे का?'"

"मीठ?"

"मीठ! ते काय शेतात पिकतं? तुत्तुकुडीच्या आगरात समुद्राचं पाणी सुकवलं की झालं मीठ. पोरगं म्हणालं, 'साधं आहे सर.' त्याने नाक मुरडलं आणि गुलाबी मिठाचं पाकीट घेतलं. हिमालयाचं म्हणून. ते मीठ मुळात निघतं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून. शेजारचा समुद्र सोडून लोक पार खेवड्यापर्यंत जातात, पण तेही ऑरगॅनिक नव्हेच!"

मग भेंडीचा विषय निघाला. भेंडीची टोकं मोडू नका, अशी पाटी तिथे तमिळ आणि इंग्रजीत लावलेली आहे. तरी प्रत्येक बाई, आणि हल्ली प्रत्येक बुवाही, इकडेतिकडे बघून टोक मोडतोच. कट्कन तुटलं की कोवळी. मोडलेल्यांतली निब्बर टोपलीच्या तळाशी सरकवायची आणि पाटीकडे पाठ करून पुढे जायचं. दुपारी बाराला गेलं की टोपलीभर बिनशेंड्याची भेंडी उरलेली असते. मी बाराला जाणारी. काकू साडेनऊला जातात, त्यामुळे त्यांना ही पाटी अगदी योग्य वाटते.

"पण खरी गंमत दुकानात नाही, दारात आहे," काकूंनी आवाज खाली आणला. कारण नेमकी तेव्हाच कीरैअम्मा गल्लीत शिरत होती.

आमच्याकडे पालेभाजीवालीला कीरैअम्माच म्हणतात. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं गोणपाट आणि आत केळीच्या सोपटाने बांधलेल्या जुड्या. अरैकीरै, सिरुकीरै, मुळैकीरै, पोन्नांगण्णी, कधी मणत्तक्काळी, कधी शेवग्याचा पाला. मामी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी जुडी उचलली, उलटी केली, झटकली. पाण्याचे थेंब उडाले. "पाणी मारून वजन वाढवतेस," म्हणाल्या. कीरै वजनावर विकतच नाही ही बाई, जुडीवर विकते! मग मुळाला हात लावला, मातीला नावं ठेवली, देठं मोजल्यासारखं केलं आणि पाच रुपये कमी करायला लावले. कीरैअम्मा नेहमीचंच म्हणाली, सकाळी तीनपासून जागी आहे अम्मा. मामींनी वर एक मिरची मागून घेतली.

"आणि याच मामी," काकू कुजबुजल्या, "दुकानात पोन्नांगण्णीची याच्या निम्मी जुडी ब्राऊन कागदात गुंडाळलेली दुप्पट भावाला घेतात. कार्ड नुसतं टेकवतात. बिलाकडे बघतसुद्धा नाहीत. तिथे मातीला हात लावून म्हणतात, 'आहा, एकदम फार्म फ्रेश!'"

"मामी एकट्याच नाहीत हो काकू. आपणही तेच करतो."

"मी नाही करत. मी दुकानातही घासाघीस करते. पोरं मला बघितली की मागच्या खोलीत जातात."

ते खरं असावं. पण मुद्दा काकूंनी बरोबर पकडला. दारातल्या बाईला आपण प्रश्न विचारतो, टोपली चिवडतो, शंका घेतो. गारेगार दुकानात शिरलं की त्याच शंका बाहेर चपलांपाशी राहतात. जिथे जास्त पैसे मोजतो तिथे जास्त विचारायला हवं, तर आपण तिथे गप्प. अडाणी दिसू नये म्हणून असेल. शेजारी उभी असलेली बाई 'कोल्ड प्रेस्ड' म्हणत असताना आपण 'म्हणजे काय हो?' कसं विचारायचं!

आता कोल्ड प्रेस्डचंच घ्या. इथे त्याला चेक्कु एण्णै म्हणतात, म्हणजे आपलं लाकडी घाण्याचं तेल. घाणा वागै लाकडाचा, आपला शिरीष, आणि तो हळू फिरतो म्हणून तेल तापत नाही. तिळाचं तेल यात खरोखर छान निघतं, इडलीच्या चटणीपुडीवर घातलं की कळतं. पण घाणा लाकडी असला म्हणून शेंगदाणा सेंद्रिय होत नाही. फवारलेले दाणेही लाकडी घाण्यात तितकेच गपगप जातात. बाटलीवर घाण्याचं चित्र मोठं असतं, दाण्याचं काही लिहिलेलं नसतं, आणि गिऱ्हाईक समजून घेतं की सगळंच शुद्ध. अंड्यांचंही तसंच. तपकिरी कवच म्हणजे नाट्टुकोळी, गावरान कोंबडी, अशी समजूत आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. ती अंगणात चरली की पिंजऱ्यात बसली, हे अंडं सांगत नाही.

"आणि ते ए-टू तूप?" मी विचारलं.

काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. त्या तुपावरून त्यांच्याच घरात वाद झाला होता. काका रोज वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. 21 ऑगस्ट 2024 ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फतवा काढला की दुधातुपावरचे ए-वन, ए-टू हे दावे दिशाभूल करणारे आहेत, काढून टाका. काकांनी कात्रण कापून फ्रिजवर लावलं आणि सुनेने आणलेल्या तुपाच्या बाटलीकडे बोट दाखवत बसले. पाच दिवसांनी, 26 ला, प्राधिकरणाने तो फतवा मागे घेतला. सुनेने ते कात्रण पहिल्या कात्रणावर चिकटवलं.

"मला एवढंच कळलं," काकू म्हणाल्या, "की तो ए-टू म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा प्रकार. तूप म्हणजे स्निग्धांश. प्रथिन कढवताना बेरीत जातं, तूप गाळून घेतो आपण. मग बाटलीत ए-टू राहिलं कुठे? पैसे बेरीचे द्यायचे आणि बेरी त्यांच्याकडे!"

यावर सुनेचं म्हणणं असं की गाय देशी असते, त्याचे पैसे आहेत. तेही चूक नाही. पण मग बाटलीवर गायीचा पत्ता लिहा म्हणावं.

पत्त्यावरून आठवलं. पाकीट उलटून बघणारा माणूस मी त्या दुकानात क्वचितच पाहिला आहे. पुढची बाजू सगळे वाचतात. तिथे शेतकऱ्याचं रेखाचित्र असतं, बैल असतो, 'नॅचरल' असतं, 'आजीच्या काळातलं' असतं. यातला एकही शब्द म्हणजे सेंद्रियचं प्रमाणपत्र नव्हे. कामाचं सगळं मागे असतं. 2017 मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम आले, पुढच्या वर्षीच्या जुलैपासून लागू झाले, तेव्हापासून प्रमाणित मालावर 'जैविक भारत'चं हिरवं चिन्ह लागू लागलं. प्रमाणपत्राचे दोन रस्ते. एक एनपीओपी, त्यात बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरा पीजीएस, त्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. जमीन रासायनिकातून सेंद्रियात यायला हंगामी पिकांना निदान दोन वर्षं लागतात आणि बहुवर्षायू झाडांना तीन. आणि वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेला छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. चिन्ह मात्र त्याला लावता येत नाही.

"म्हणजे चिन्ह नाही म्हणून खोटं, असंही नाही?" काकूंनी विचारलं.

नाही ना! तीच तर पंचाईत आहे. अशा वेळी माल कुणाचा, कुठल्या गावचा, एवढं तरी विचारावं. चांगल्या दुकानात ते सांगतात. नुसतं सांगत नाहीत, ऐकायला कुणीतरी भेटलं म्हणून त्यांना आनंद होतो.

चेन्नईत ही दुकानं आली ती काही अशी एसी लावून आली नाहीत, हेही सांगायला हवं. 2008 साली ईस्ट कोस्ट रोडच्या बाजूला काही मंडळींनी 'रीस्टोर' सुरू केलं. स्वयंसेवक चालवायचे, नफा हा हेतूच नव्हता, पिशव्या आणि डबे घरून आणा म्हणायचे. पुढे ऑरगॅनिक फार्मर्स मार्केटची साधी दुकानं निघाली, आपल्या अड्यारमध्येही. आणि या सगळ्यांच्या मागे तमिळ मुलखातली दोन माणसं. एक नम्माळवार. सरकारी शेती संशोधनातली नोकरी सोडून गावोगाव हिंडून सेंद्रिय शेती सांगत राहिले, 30 डिसेंबर 2013 ला गेले. दुसरे नेल जयरामन, तिरुवारूर जिल्ह्यातले. जुने भात गोळा करत त्यांनी दीडशेच्या वर वाण वाचवले. दरवर्षी भाताचा उत्सव भरवायचे. येणाऱ्या शेतकऱ्याला दोन किलो बियाणं फुकट, अट एकच, पुढच्या वर्षी चार किलो परत आणून द्यायचं. 6 डिसेंबर 2018 ला तेही गेले. आपल्याकडे अमरावतीचे सुभाष पाळेकर, अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, तशी इकडे ही नावं. त्या काचेच्या बरण्यांतले तांदूळ आले ते या माणसांच्या पायपिटीतून.

"हो, आणि त्या तांदळाने आमच्या समोरच्या मामांची कवळी घेतली," काकू म्हणाल्या.

झालं असं की समोरच्यांच्या नव्या सुनेने माप्पिळ्ळै सांबा आणला. माप्पिळ्ळै म्हणजे जावई किंवा नवरदेव. हा लाल तांदूळ खाऊन नवरदेवाने गावातला मोठा दगड उचलून दाखवायचा, तेव्हा मुलगी मिळायची, अशी त्याची ख्याती. बरणीवर ही गोष्ट सुरेख अक्षरात लिहिली होती. तांदूळ रात्रभर भिजवायचा असतो, हे लिहिलेलं नव्हतं. सुनेने नेहमीच्या पोन्नी तांदळासारखा धुतला आणि तीन शिट्ट्यांत उतरवला. मामांनी पहिला घास घेतला आणि कवळीचा तुकडा ताटात. दगड उचलायचा राहिला बाजूला, त्यांना दहा दिवस कांजीवर काढावे लागले.

"दुकानदाराने सांगायला नको?" काकू म्हणाल्या.

"सुनेने विचारायला नको?" मी म्हटलं. काकूंना सुनेचा विषय फार पुढे न्यायचा नव्हता.

महागाईचं काय, हा प्रश्न दर आठवड्याला निघतो. सेंद्रिय शेतात तण हाताने काढतात, मजुरी जास्त लागते. सुरुवातीची वर्षं उतार कमी पडतो. माल थोडा, त्यामुळे कोयंबेडूच्या घाऊक बाजारासारखा ट्रक भरून येत नाही. दोन दिवसांत न खपलेली पालेभाजी टाकून द्यावी लागते, तिचे पैसे खपलेल्या जुडीवर बसतात. वर अड्यारचं भाडं. हे सगळं समजतं. पण त्यातलं शेतकऱ्याचं किती आणि एसीचं किती, हे बिलावर छापलेलं नसतं. जगभर हीच रड आहे म्हणा. काकूंची भाची टेक्ससमध्ये ऑस्टिनला आहे, जिथे 1980 साली 'होल फूड्स' निघालं. तिथले लोक त्याला 'होल पेचेक' म्हणतात, सगळा पगार तिथेच जातो म्हणून. 2017 मध्ये ॲमेझॉनने ते 13.7 अब्ज डॉलरला घेतलं. तेव्हा मामींनी काही जगावेगळं केलेलं नाही.

"मला हसू कशाचं येतं सांगू?" काकू म्हणाल्या. "आमच्या सांगलीला राळे कोण खायचं? भोगीच्या दिवशी शास्त्रापुरते सगळे, आणि एरवी ज्यांच्या घरी तांदूळ नाही ते. कोद्रा तर विचारूच नको. आता ते राळे त्या दुकानात 'तिनै' म्हणून असे रुबाबात बसलेत! कोद्रा वरगु झालाय, वरी सामै झालीय. 2023 साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून त्याची बिस्किटंसुद्धा आली."

"आणि पिवळी पिशवी?"

"तीही! पूर्वी मंजपै घेऊन कुणी दिसला की लोक म्हणायचे, खेड्यातून आलाय. लग्नात ताम्बूलाबरोबर मिळायची, घरात तिचं पायपुसणं व्हायचं. 2019 च्या जानेवारीपासून एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिक बंद झालं, मग सरकारनेच 2021 मध्ये 'मीण्डुम मंजपै' म्हणून तिला परत आणली. कोयंबेडूला तर यंत्र बसवलंय, दहा रुपये टाकले की पिशवी बाहेर. आणि आपल्या दुकानात तीच पिशवी, वर झाडाचं चित्र काढलेली, किती रुपयांना आहे बघून ये जा."

मी बघून आले होते. सांगितलं असतं तर काकूंना चहा गोड लागला नसता.

तेवढ्यात मामी फाटकातून बाहेर आल्या, खांद्याला तीच झाडाची पिशवी. आम्हा दोघींकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, दुकानात आज काय आलंय बघून येते, तुम्हाला काही हवंय का? काकूंनी लगेच करुप्पट्टी, म्हणजे ताडाचा गूळ, सांगितली, अर्धा किलो. वर बजावलं, 'तोडून बघा, आत चमकणारे साखरेचे कण दिसले तर घेऊ नका.' मामी मान डोलावून गेल्या.

"म्हणजे तुम्हीही तिथूनच घेता की सगळं!" मी म्हटलं.

"सगळं नाही," काकू कढीपत्त्याची डहाळी माझ्या हातात देत म्हणाल्या. "तांदूळ, राळे, गूळ आणि तिळाचं तेल तिथून, ते पण गावाचं नाव विचारून. तूप घरी कढवते. गुलाबी मीठ नाही, कंगवा नाही, बिस्किटं नाहीत. आणि कीरै दारात, अम्माकडून, ती सांगेल त्या भावाला. साडेसातला ये उद्या, उशीर केलास तर मुळैकीरै संपते."